वीरगळ ते शिलाफलक : पालमच्या मातीतली नावं

एप्रिल २०१८ च्या पहिल्या आठवड्यात पालम तालुक्यातल्या कोनेरवाडीचं नाव राज्यभर गेलं. त्याआधी परभणी जिल्ह्याबाहेर हे गाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जम्मू-काश्मीरच्या पूंछ जिल्ह्यात कृष्णा घाटी नावाचा भाग आहे. तिथे नियंत्रण रेषेपलीकडून झालेल्या गोळीबारात शुभम सूर्यकांत मुस्तापुरे हा कोनेरवाडीचा जवान धारातीर्थी पडला. वय विशीचं. पार्थिव गावी आलं, शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, पंचक्रोशी लोटली.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. २९ मे २०१८ रोजी भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी दूरध्वनीवर बोलून २००३ चा शस्त्रसंधी पुन्हा पाळायचं ठरवलं. तो टिकला नाही. सीमेवरच्या तोफा खऱ्या अर्थाने थंडावल्या त्या २५ फेब्रुवारी २०२१ च्या संयुक्त निवेदनानंतर. इतिहासाच्या पुस्तकात या काळाला युद्ध म्हणत नाहीत. ना १९७१ सारखं त्याला वर्षाचं नाव मिळालं, ना कारगिलसारखं शिखराचं. पण ज्या घरात तिरंग्यात लपेटलेली पेटी आली, त्या घराला हा फरक सांगून उपयोग नाही.

पालमला लागूनच नांदेड जिल्ह्यातला लोहा तालुका आहे. त्यातल्या जानापुरीचे लान्स नायक संभाजी कदम २९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळच्या नगरोटा छावणीवरच्या हल्ल्यात कामी आले. त्या दिवशी लष्कराचे सात जण गेले. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी त्यांतलेच. कोनेरवाडी आणि जानापुरी यांच्यामध्ये एका जिल्ह्याची हद्द आहे, बाकी सगळं सारखंच. तीच काळी रानं, कापूस-सोयाबीन-ज्वारी, तोच पावसाचा भरवसा नसलेला शिवार. आणि पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीच्या तयारीसाठी पळणारी पोरंही सारखीच. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले की पूर्ण गुण मिळतात, हे या भागातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना पाठ असतं. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना या जिल्ह्यांची भरती छत्रपती संभाजीनगरच्या सैन्यभरती कार्यालयाकडून होते.

अंत्ययात्रेच्या दिवशी गाव कमी पडत नाही. रस्ते झाडले जातात, रांगोळ्या घातल्या जातात, शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी राहतात, बंदुकीच्या फैरी झडतात, ‘अमर रहे’च्या घोषणांनी माळ दणाणतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. पाचव्या वर्षी, पंचविसाव्या वर्षी, ज्यांनी त्या जवानाला पाहिलंच नाही अशा पिढीत ते नाव कुठे आणि कसं राहतं? मराठवाड्यासाठी हा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण सैनिकाची आठवण जपण्याची जी चाकोरी पश्चिम महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी मिळाली, ती इथे कधी पडलीच नव्हती.

तसं पाहिलं तर मराठवाड्याला ही रीत मुळीच नवी नाही. गावच्या मारुतीच्या पाराजवळ, वेशीत, पडक्या महादेवाच्या आवारात शेंदूर फासलेले उभे दगड असतात. अनेक गावं त्यांना देव म्हणूनच पुजतात. ते वीरगळ आहेत. चालुक्य आणि यादव काळात गावासाठी लढून पडलेल्या माणसाचा दगड उभा करायची पद्धत होती. त्यात खालून वर कप्पे असतात. सर्वांत खाली पडलेला वीर किंवा त्याची लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जात आहेत असं दृश्य, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. बऱ्याच वीरगळांत खालच्या कप्प्यात गाई दिसतात, कारण शत्रूने किंवा दरोडेखोरांनी हाकून नेलेली गुरं सोडवताना तो मारला गेलेला असतो. ही राजाची स्मारकं नव्हेत. गावाने आपल्या गुराख्यासाठी, आपल्या शिपायासाठी उभी केलेली आहेत. फक्त एक मोठी उणीव राहिली. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेखच नाही. शौर्य उरलं, नाव गेलं. आठशे वर्षांनी गावाला एवढंच सांगता येतं की इथे कुणीतरी आपल्यासाठी मेला होता.

नाव टिकवण्याची पुढची पद्धत आली ती इंग्रजी अमलात, आणि ती आली मुख्यतः इंग्रजांच्या मुलखात. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आल्याचं हे गाव आजही अभिमानाने सांगतं, आणि त्या बलिदानाचं ब्रिटिशकालीन स्मारक तिथे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या टाकळीने तर ‘सैनिक’ हा शब्द आपल्या नावातच घेतला. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, कुलाबा या पट्ट्यात पलटणीचे भरती करणारे पिढ्यानपिढ्या फिरत होते. आजोबा पलटणीत, बाप पलटणीत, म्हणून पोरगाही पलटणीत. अशा गावात स्मारक, निवृत्त सुभेदार, पेन्शनचे कागद वाचून दाखवणारा जाणता माणूस, हे सगळं आपोआप जमत गेलं.

पालम मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. इथे मराठा पलटणींच्या बेळगावहून कुणी भरतीला येत नव्हतं.

म्हणून मराठवाड्याचा आणि फौजेचा संबंधच नव्हता, असा समज होऊ शकतो. तो खरा नाही. आज वेगळा जिल्हा असलेलं हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होतं. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज, अशी ती फौज. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, इथेही तिच्या छावण्या होत्या. १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली, १९२२ मध्ये तिच्या पायदळ पलटणींची ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ झाली, आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटचं नाव ‘कुमाऊँ रेजिमेंट’ झालं. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीरचक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. फौजेत दाखल झाले तेव्हा ते हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत होते. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगामला ते पडले तेव्हा निजामाचं राज्य अजून उभं होतं. म्हणजे आपल्या लष्कराच्या एका अतिशय मानाच्या रेजिमेंटची मुळं हिंगोलीच्या छावणीपर्यंत पोचतात. तिचे शिपाई बहुतांशी उत्तरेकडचे असत हे मान्य. तरी परभणी-हिंगोलीच्या शाळांत हे शिकवलं जायला हवं.

दुसरं नाव लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचं, पण नोकरीची सुरुवात हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात. दुसऱ्या महायुद्धात ते हैदराबादच्या लान्सर्सबरोबर पश्चिम आशियात होते. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी चविंडाच्या रणगाडा-लढाईत कामी आले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन लान्सर उभे आहेत, त्यांतला एक हैदराबादचा, दुसरा म्हैसूरचा आणि तिसरा जोधपूरचा. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेत लढलेल्या संस्थानी घोडदळाचं ते स्मारक. पण त्या तिघांपैकी कुणाच्याही मागे मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचं नाव उभं राहत नाही. दिल्लीच्या चौकात पुतळा आणि गावच्या वेशीत काहीच नाही, हे या भागाच्या वाट्याला फार आधीपासून आलेलं आहे.

नाव कोरलं जाणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते न कोरलेल्या नावांकडे पाहिलं की कळतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली आणि पुढे कैदेत, उपासमारीने, आजाराने असंख्य माणसं गेली. त्या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला भलं थोरलं स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांची, ३३ हजारांहून अधिक माणसांची, नावं कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, एवढंच. या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच चौकशी अहवालात हे कबूल केलं. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्तच्या मिळून ४५ ते ५४ हजार मृतांना गोऱ्या सैनिकांसारखा मान मिळाला नाही, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची तर नावानिशी नोंदच कुठे झाली नाही, असं तो अहवाल सांगतो. कमिशनने माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

याच्या उलट उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचं. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. आधी हातगोळा, मग टॉमीगन, आणि गोळ्या संपल्यावर तिच्याच दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी लोळवलं. ठाणं हाती आलं आणि त्याच क्षणी दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी ते कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. पण माणगावने त्यांचा पुतळा उभा केला आणि तालुक्याला तो माणूस ठाऊक राहिला. इटलीतही त्यांचा विसर पडला नव्हता. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या छोट्या गावाने घाडगे आणि इटलीत लढलेल्या हिंदी सैनिकांसाठी सूर्यतबकडीच्या रूपातलं स्मारक उभारलं. ज्या गावाच्या मुक्तीसाठी एक कोकणी पोरगा मेला, त्या गावाला एकोणऐंशी वर्षांनीही त्याचं नाव नीट उच्चारता येतं. दोन्ही गोष्टी सरकारच्या मोठ्या योजनेमुळे घडलेल्या नाहीत. तालुका आणि गाव या पातळीवर कुणीतरी चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून घडल्या.

मग मराठवाड्याची स्वतःची रीत कोणती? ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात इथे जे पडले, त्यांच्यासाठी लोकांनी स्तंभ उभारलेच, पण त्याहून टिकाऊ काम केलं ते शाळा-महाविद्यालयांनी. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे रझाकारांशी लढताना गेले; वसमतला त्यांच्या नावाचं बहिर्जी स्मारक महाविद्यालय आहे. नांदेड जिल्ह्यात अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. तिथेच हुतात्मा पानसरे महाविद्यालय उभं राहिलं. हिमायतनगरचं महाविद्यालय हुतात्मा जयवंतराव पाटील यांच्या नावाचं आहे. दरवर्षी शेकडो मुलं प्रवेश-अर्जावर ती नावं लिहितात, गुणपत्रिकेवर वाचतात, नोकरीच्या मुलाखतीत सांगतात. हार घालायला वर्षातून एकदा जायचं स्मारक आणि रोज तोंडी येणारं नाव, या दोन्हींत दुसरी रीत इथल्या लोकांना अधिक मानवली. शिक्षणाची भूक मोठी आणि साधनं तुटपुंजी असलेल्या भागाने हुतात्म्याचं ऋण शाळा काढून फेडायचा प्रयत्न केला, याची महाराष्ट्राने पुरेशी दखल घेतलेली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांच्या बाबतीत ही रीत तितकी पुढे आली नाही. आली पाहिजे. गावच्या जिल्हा परिषद शाळेला, तिच्या वाचनालयाला, निदान मैदानाला त्या गावच्या जवानाचं नाव द्यायला कोट्यवधींचा निधी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि पाठपुरावा लागतो.

सन्मानाची दुसरी बाजू कागदाची आहे. ती समारंभात दिसत नाही, पण घरातल्यांना तिच्यावरच उभं राहायचं असतं. सीमेवरच्या कारवाईत मृत्यू आला तर नियमित जवानाच्या कुटुंबाला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. राज्याकडून सानुग्रह निधी असतो. वारसाला दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन देण्याची तरतूद आहे. वीरपत्नीला एसटीच्या मोफत प्रवासाची सवलत आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी देणारी योजना २०२० पासून आहे. यादी वाचताना भरगच्च वाटते. पण जमिनीचंच पाहा. आधी सरकारी जमीन उपलब्ध हवी, मग गट नंबर, मोजणी, ताबा, फेरफार, आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंतच्या प्रत्येक टेबलावर हा कागद जावा लागतो. अपशिंग्यासारख्या गावात असा कागद घेऊन फिरणारे दहा निवृत्त फौजी भेटतात. ज्या गावातून पहिलाच पोरगा फौजेत गेला, तिथे सगळी भिस्त जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयावर असते. वीरमाता आणि वीरपिता यांना त्या कार्यालयाची पायरी चढावी लागण्याऐवजी तालुक्याचा एक ठरावीक माणूस त्यांच्या घरी गेला, तर तो पुष्पचक्राइतकाच मोठा सन्मान ठरेल.

काही घरं या सगळ्यातून विलक्षण वाट काढतात. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पदरी दोन मुलं असताना परीक्षा दिली, प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्यांचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवावं लागतं की प्रत्येक वीरपत्नीकडून अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जिचं शिक्षण सातवीपर्यंत झालं, जिचं माहेर आणि सासर दोन्ही कोरडवाहू, तिच्या वाट्याला परीक्षा येते ती पेन्शनच्या अर्जाची.

आणि आता एक नवा प्रश्न उभा आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि जवानाऐवजी चार वर्षांचा अग्निवीर भरती होऊ लागला. बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेला. बुलडाणा आणि परभणी भरतीच्या दृष्टीने एकाच कार्यालयाखाली येतात, त्यामुळे पालमच्या पोरांसाठी ही दूरची बातमी नव्हती. त्याच्या कुटुंबाला काय मिळणार ते लष्कराने तेव्हा जाहीर केलं : विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, सेवानिधीची रक्कम, उरलेल्या सेवेचा पगार आणि कल्याण निधीतले ८ लाख. रक्कम लहान नाही. पण कुटुंब निवृत्तिवेतन नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ च्या सुरुवातीला शिफारस केली की कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबालाही नियमित जवानासारखे लाभ मिळावेत. ती शिफारस रास्तच आहे. एकाच खंदकात, एकाच गोळ्याने गेलेल्या दोघांच्या आयांमध्ये सरकारने फरक करू नये.

दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. त्यातल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका सैनिकाचं नाव आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावं होती. हुद्द्यानुसार मोठं-लहान काही नाही, सगळ्यांची वीट सारखीच. बसऱ्याच्या आकड्यांनंतर इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. पुण्यात त्याच्या वीस वर्षं आधी, १५ ऑगस्ट १९९८ ला, नागरिकांनी वर्गणी काढून घोरपडीजवळ युद्ध स्मारक उभं केलं होतं. सरकारची वाट न पाहता शहराने हे करून दाखवलं, हे पुण्याचं मोठेपण. मात्र पालमहून दिल्ली किंवा पुणे गाठणं शेतकरी कुटुंबाला वरचेवर परवडणारं नाही.

गावात मात्र एक जागा तयार झाली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत देशभरच्या ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले. देशासाठी प्राण दिलेल्या गावच्या माणसांची नावं त्यांवर असावीत, ही त्यामागची कल्पना. अपशिंग्याला जे ब्रिटिश अमलात मिळालं, ते मराठवाड्याच्या गावांना १९४७ नंतर शहात्तर वर्षांनी मिळालं. पण फलक घाईत बसतात आणि नावांना वेळ लागतो. स्वातंत्र्यसैनिक, मुक्तिसंग्रामातले हुतात्मे, सैनिक, निमलष्करी दलांतले जवान, या सगळ्यांचा गावनिहाय शोध घेतल्याशिवाय फलक पुरा होत नाही.

तो शोध तालुक्याने घ्यावा. पालमच्या तहसीलमध्ये एक नोंदवही असावी : पूर्ण नाव, आईचं नाव, गाव, शाळा, पलटण, पडल्याचं ठिकाण, तारीख. माहिती मिळवणं अवघड नाही. १९४७ नंतरची नावं राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर आणि तिथल्या डिजिटल पडद्यांवर शोधता येतात. दोन्ही महायुद्धांतली नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहेत आणि भर पडेल तशी वाढत आहेत. मराठा पलटणींतल्या नावांसाठी मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. शाळांनी हे काम ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला हाती घ्यावं. १९४९ पासून पाळला जाणारा हा दिवस तिकिटं खपवण्यापुरता राहिला आहे, त्याला एक खरं काम मिळेल. सगळ्यात कठीण भाग निजामकाळाचा. संस्थानी फौजेत गेलेल्या मराठवाड्याच्या शिपायांचा माग काढायचा तर उर्दू आणि फारसी वाचणारी माणसं लागतील, आणि सुरुवात करावी लागेल हैदराबादच्या राज्य अभिलेखागारातून आणि कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र जिथे आहे त्या रानीखेतहून.